भाषण चाळीस मिनिटांचं, बाकीचा दिवस कुठे जातो?

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा प्रश्न रास्त आहे. भाषण चाळीस मिनिटांचं, पुस्तक दोन-तीन वर्षांतून एखादं. मग दातृत्वावर बोलणारी-लिहिणारी बाई बाकीचा वेळ करते काय? आणि आई, तुझा त्याहून अवघड: लोकांना द्यायला शिकवणारी ही कोण? फोनवर दोन्हींची उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून लिहून पाठवते.

आधी आईचं. द्यायला शिकवावं लागत नाही, लोक देतच असतात. कामाचा भाग पुढे आहे: दिलेलं नीट पोहोचावं आणि त्याचा त्रास होऊ नये. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरच्या गावांत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. उष्ण हवामानात लोकरीचे कपडे, एकेकटे बूट, फाटकी अंथरुणं. ते उचलायला माणसं लावावी लागली, तीही त्याच मदतकार्यातली. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं गेली. त्यातली जेमतेम ३० टक्के लगेच वापरण्याजोगी होती. बाकीच्यांत मुदत संपलेली, थंडीने खराब झालेली, लेबल कुणालाच वाचता न येणारी, असा माल निघाला. पाठवणाऱ्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. म्हणून या विषयावर बोलणाऱ्याने हेतूचं कौतुक दोन मिनिटांत उरकावं आणि उरलेला वेळ वर्गीकरण, वाहतूक, गोदाम यांना द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ऐकणाऱ्यांना ते कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

आता दिवस. सकाळचे दोन-अडीच तास लिहिण्याचे. फोन दुसऱ्या खोलीत, टपाल आणि ईमेल दुपारपर्यंत बंद. एका बैठकीत पाचशे शब्द झाले की पुष्कळ. साठ हजार शब्दांचं पुस्तक त्या हिशेबाने एकशेवीस बैठकांत कच्चं लिहून होतं, आणि जवळजवळ तेवढाच वेळ ते कापण्यात जातो. प्रत्येक पान मोठ्याने वाचायचं. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडायचं, जिथे जीभ अडखळते तिथला शब्द बदलायचा. हाच मजकूर पुढेमागे व्यासपीठावर तोंडून निघणार असतो, म्हणून ही सवय दोन्हीकडे कामाला येते. नेमकं मधेच थांबायचं, परिच्छेद पुरा करायचा नाही. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधत बसावं लागत नाही.

दुपार आकड्यांची, आणि खरं काम तेच. वहीत चार रकाने असतात: आकडा, कुठल्या वर्षाचा, कुणी मोजला, मूळ कागद डोळ्यांनी पाहिला का. चौथा रकाना रिकामा असेल तर तो आकडा भाषणात जात नाही, कितीही टाळ्या मिळवून देणारा असो. या क्षेत्रातले निम्मे घोटाळे ठरावीक ठिकाणी होतात. जाहीर केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम एकच धरली जाते. एकाच मुलाला वह्या, जेवण आणि आरोग्य तपासणी मिळाली की कागदावर तीन लाभार्थी होतात. शंभर वर्षांपूर्वीचे डॉलर आजच्या डॉलरांशेजारी तसेच बसवले जातात. आणि सगळ्यांत घातक म्हणजे 'पोहोचलो' आणि 'बदल झाला' यांतला फरक पुसला जातो. प्रशिक्षणाला दोनशे जणी आल्या हे हजेरीपत्रक सांगतं. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती जणींच्या हाताला काम होतं, ते सांगायला कुणीतरी परत जाऊन विचारावं लागतं. त्याचा खर्च देणगीदार देत नाही, म्हणून ते विचारलंच जात नाही.

बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड आहे म्हणून एक उदाहरण. अमेरिकन पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचं नाव निघालं की २,५०९ ग्रंथालयं हा आकडा फेकला जातो. आकडा खरा आहे, पण शिकण्यासारखी गोष्ट त्याच्या अटीत आहे. गावाने जागा द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी स्वतःच्या तिजोरीतून पुस्तकं, पगार, डागडुजीसाठी बाजूला काढायची. हे कबूल असेल तरच इमारतीला पैसे. ही अट काही गावांना जाचक वाटली, काहींनी देणगीच नाकारली. पण इमारत बांधून देणारा मिळतो, झाडूवाल्याचा पगार देणारा मिळत नाही, हे त्याने ओळखलं होतं. आता याच माणसाच्या पोलाद कारखान्यात, होमस्टेडला, १८९२ मध्ये संप मोडायला खासगी सशस्त्र पहारेकरी आणले गेले आणि दोन्हीकडची माणसं मेली, हेही त्याच भाषणात आलं पाहिजे. पैसे देणाऱ्याने पैसे कसे मिळवले हा विषय यजमानांना नेहमीच अवघड जातो. तो गाळणाऱ्या वक्त्याला पुढची आमंत्रणं जास्त येतात, हेही खरं.

अमेरिकन व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड मला कार्नेगीपेक्षा जवळचा. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळजवळ ५,००० शाळा त्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. प्रत्येकीत गावकऱ्यांचा वाटा होता: पैसा, जमीन, लाकूड किंवा मजुरी. गरीब माणसांनी सरकारी कर भरून वर हा भार उचलला, त्यामुळे तो न्याय्य होता का, यावर वाद घालता येतो, आणि घालावाही. शिवाय त्याने आपला निधी कायमचा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. १९४८ मध्ये तो सगळा खर्च होऊन बंद झाला. ड्यूटी-फ्री दुकानांवर श्रीमंत झालेल्या चक फीनी या अमेरिकन उद्योजकाने पुढे तेच केलं. ८०० कोटी डॉलरांहून जास्त दिले, बराच काळ नाव न सांगता, आणि २०२० मध्ये संस्थेला कुलूप लावलं. निधी कायम ठेवून व्याजावर चालवायचा की हयातीत संपवायचा, या प्रश्नावर एक अख्खं भाषण होतं आणि प्रश्नोत्तरं आवरत नाहीत.

फसलेल्या गोष्टी मात्र जास्त कामाच्या. आफ्रिकेत मुलांच्या फिरत्या पाळण्याला जोडलेला पाण्याचा पंप आला होता, प्लेपंप. मुलं खेळतील, पाणी वर चढेल. कल्पना अशी गोड की २००६ मध्ये मोठ्या लोकांनी मोठे पैसे दिले. पण खेळणं हे खेळणं असतं तोवरच मुलं खेळतात. पाणी हवं तेव्हा मुलं शाळेत किंवा झोपलेली, मग बायकांना तो जड पाळणा हाताने ढकलावा लागला. बिघडला तर गावात दुरुस्ती करणारा नाही. साधा हातपंप कितीतरी स्वस्त होता आणि लोकांना तो चालवता येत होता. २००९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने गणित मांडलं, की सांगितलेल्या माणसांना पुरेल इतकं पाणी काढायला मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. हे सांगितलं की सभागृह हसतं. हसू थांबल्यावर लगेच विचारायचं: पंप बसवण्याआधी त्या बायकांना कुणी विचारलं होतं का? हा क्रम उलटा केला तर तोच प्रश्न उपदेश वाटतो.

माणसांच्या गोष्टी सांगताना याहून जास्त जपावं लागतं. परवानगी दोनदा घ्यायची: ऐकताना एकदा, आणि छापण्याआधी मजकूर त्यांच्याच भाषेत वाचून दाखवून पुन्हा. नाव बदलून भागत नाही, लहान गावात धंदा आणि मुलांची संख्या सांगितली की माणूस ओळखू येतो, म्हणून तेही बदलायचं आणि तपशील बदलले आहेत असं वाचकाला सांगायचं. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद लपलेली असते, ती काढून टाकायची. मुलांचे चेहरे नाहीत. 'बिचारी' हा शब्द सापडला की खोडायचा. त्या जागी त्या बाईने स्वतः काय केलं ते लिहिलं की परिच्छेद आपोआप सुधारतो.

भाषणाची तयारी तुम्हाला वाटते तितकी रम्य नसते. मराठीत सभागृहात समजेल अशा गतीने बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. चाळीस मिनिटांना चार हजार होतील, पण लिहायचे चौतीसशेच. विराम, हशा, मधेच बंद पडलेला माइक, सगळं त्या सहाशेत बसतं. आकडे जास्तीत जास्त तीन. चौथा आला की लोक पहिला विसरतात. आणि कार्यक्रम उशिराच सुरू होतो. सत्कार, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक यांत वेळ जातो आणि तुमच्या चाळीसचे पंचवीस होतात. त्यावर भरभर बोलणं हा उपाय नव्हे. टिपणात आधीच पेन्सिलीने कंस करून ठेवायचे: हा उतारा गेला तरी धागा तुटत नाही. वेळ आली की अख्खा कंस गाळायचा आणि श्रोत्यांना ते सांगायचंही नाही.

स्लाइड दाखवायच्या असतील तर मराठीत एक खास फजिती होते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर यजमानांच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अगम्य चिन्हं होऊन उमटतो. युनिकोडमध्ये असला तरी फॉन्ट वेगळा आला की ओळी मोडतात, शेवटचा शब्द चौकटीबाहेर जातो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच, आणि सोबत पीडीएफ प्रत, फॉन्ट आत बसवून. पेनड्राइव्हवर एक, ईमेलमध्ये एक. अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. शेवटच्या रांगेतला माणूस मान पुढे काढून वाचायला लागला की तो ऐकत नसतो.

माइकबद्दल थोडं, कारण बाबा, तुम्हीही अधूनमधून बोलता. हातातला माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर, सरळ समोर नाही, किंचित तिरका. समोर धरला की प, फ, भ यांच्या हवेचे फटके बसतात. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि गळ्यातली साखळी, ओढणी त्याला घासणार नाही असं पाहायचं. ती खरखर वक्त्याला ऐकू येत नाही, मागच्या लोकांना येते. स्पीकरच्या पुढ्यात उभं राहिलं की शिट्टी वाजते, दोन पावलं सरून स्पीकरच्या मागे जायचं. माइकवर टिचक्या मारू नयेत, फुंकरही नको. दोन वाक्यं बोलून पाहावीत.

आई, तुला आवाजाची काळजी असते. आवाज भाषणात बसत नाही, भाषणानंतरच्या गर्दीत बसतो. चहाच्या वेळी चारी बाजूंनी गलका, त्यावर मात करायला माणूस नकळत घसा ताणतो, आणि माइक तर नसतोच. उपाय म्हणजे भेटायला आलेल्याला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन जायचं. पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, अन्ननलिकेतून जातं. म्हणून भाषणाआधी दोन घोट घेऊन तोंडाची कोरड तेवढी जाते, तंतूंना ओलावा मिळायला आदल्या काही तासांत पाणी पोटात जावं लागतं. खाकरणं वाईट, तंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी आवंढा गिळायचा. कुजबुजल्याने विश्रांती मिळते हा गैरसमज आहे, बऱ्याच जणांचा घसा त्याने उलट ताणला जातो. सकाळी पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि तिच्यातून 'ऊ' असा आवाज काढत बुडबुडे काढायचे, पाच मिनिटं, आधी एका सुरात, मग वरखाली. तंतूंवरचा ताण हलका होतो. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर मात्र घरगुती उपाय बंद, डॉक्टरांनी आत पाहिलंच पाहिजे. आठवड्याला दोनच भाषणं, आणि प्रवासाच्या दिवशी एकही नाही, हा नियम त्यासाठीच.

संध्याकाळी पत्रं. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न: कुणाला देऊ? नाव सांगायचं नाही. संस्थेने मानधन किंवा प्रवासखर्च दिला असेल तर तिचं नाव सुचवणं म्हणजे जाहिरात, आणि नसेल दिला तरी पाहणी जुनी झालेली असू शकते. ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांची यादी मागेल त्याला दाखवता यावी, आणि व्यासपीठावरून त्यांच्याबद्दल बोलताना ते आधी सांगावं. उत्तरात मी संस्थेला विचारायचे प्रश्न लिहून देते. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब द्याल का? विश्वस्तांत एकाच घरातले किती? हातात असलेल्या पैशांपैकी किती ठरावीक कामालाच बांधलेले आहेत? आणि गेल्या वर्षी काय चाललं नाही म्हणून बंद केलं? शेवटच्या प्रश्नाला 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर मी असते तर थांबले असते. प्रशासकीय खर्चाची टक्केवारी मात्र पहिल्यांदा विचारू नये. सगळे तोच आकडा पाहतात, मग संस्था हिशेबनिसाचा पगार प्रकल्पात दाखवतात, नाहीतर हिशेबनीसच ठेवत नाहीत, आणि दोन्हीत देणाऱ्याचं नुकसान. आधी छोटी रक्कम द्यावी, पावती आणि अहवाल वेळेवर येतो का पाहावं, मग तीन वर्षं सलग द्यावं, आणि कशावर खर्च करायचे ते त्यांच्यावर सोडावं.

राहिले छंद. या कामाच्या माणसाला हाताचा छंद हवाच, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या अडचणी वाचून डोकं शिणतं आणि हाताला दाखवायला काही उरत नाही. माझा छंद वह्या शिवण्याचा. व्यासपीठावर सपाट उघडी राहणारी वही बाजारात शोधण्यापेक्षा शिवणं सोपं. आठ कागद मधोमध दुमडले की बत्तीस पानं. नेहमीचा ए-फोर कागद इथे नडतो: त्यातले तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, घडी त्यांना आडवी पडते, मग कणा फुगतो आणि पान उघडं राहत नाही. ए-थ्री कागद आणून अर्धा कापला की घडी तंतूंच्या दिशेने येते. तपासायला कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवायचा. जिथे कमी विरोध, तिथल्या घडीची रेघ ती तंतूंची दिशा. घडीवर दाभणाने तीन भोकं: एक मध्यावर, दोन कडांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. दोरा कण्याच्या अडीचपट, मेणाचा हात दिलेला. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून आतल्या आत थेट खालच्यापर्यंत, तिथून बाहेर, आणि मधल्यातून परत आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ. ओढताना कण्याच्या दिशेने ओढायचं, वर खेचलं की भोक फाटतं. बाबा, तुमच्या जमाखर्चाच्या वहीला हे चालेल, करून पाहा.

बाकी रोज पाऊण तास चालणं, कानात काही न घालता. आणि आठवड्यातून एक दुपार अंध वाचकांसाठी पुस्तक ध्वनिमुद्रित करणं. तासाभराच्या तयार वाचनाला दोन-तीन तास लागतात. कपड्यांच्या कपाटाजवळ बसून वाचलं की खोली घुमत नाही. हे काम भाषणात सांगायचं नाही, असं ठरवलं आहे. तुम्हाला सांगायला हरकत नाही. स्वतःच्या देणग्यांचंही तसंच. पैसे हातात आले त्याच दिवशी ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात जातो, वर्षातून एकदा बसून तो कुठे गेला ते पाहायचं, आणि ऐनवेळच्या हाकेसाठी त्यातला थोडा राखून ठेवायचा. नाहीतर प्रत्येक आवाहनाला मनाची ओढाताण होते.

पोस्टाने तिसरं प्रकरण पाठवत आहे, मोठ्या टायपात छापून. विषय संस्थांचे हिशेब वाचण्याचा. बाबा, तुम्ही पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे कंटाळा आला तिथे फक्त आडवी रेघ मारा. कारण लिहू नका, मजकूर सुधारू नका, ते नंतर. आई, तू मोठ्याने वाच आणि जिथे दम लागला तिथे फुली कर. तुमच्या रेघा आणि फुल्या एकाच ठिकाणी आल्या तर तो परिच्छेद जाणार. संपादकांना महिनाअखेर द्यायचं आहे, तेव्हा वीस तारखेपर्यंत परत पाठवलंत तरी चालेल.

तुमची,
मनू